वाचकांचे प्रश्न : बँडमधून संगीत नाटकात

प्रश्न : भीमजयंती, गणपती, नवरात्र आणि लग्नाच्या संगीत कार्यक्रमांत मी आमच्या बँडसोबत गाते. आता शहरातल्या एका नाट्यसंस्थेनं संगीत नाटकात भूमिका देऊ केली आहे. शास्त्रीय शिक्षण जेमतेम आहे. पॉप गटात गाणाऱ्यांना नाटकात जमतं का? सुरुवात कुठून करावी? – एक वाचक, परभणी

जमतं, आणि याचे चांगले दाखले आहेत. ‘स्पाइस गर्ल्स’ या ब्रिटिश पॉप गटातली मेलनी सी हिनं 2009 मध्ये लंडनच्या वेस्ट एंड या व्यावसायिक नाट्यगृहांच्या भागात ‘ब्लड ब्रदर्स’ या संगीत नाटकात मिसेस जॉन्स्टन ही आईची मध्यवर्ती भूमिका केली आणि तिला ऑलिव्हिए या ब्रिटिश रंगभूमीच्या मानाच्या पुरस्काराचं नामांकन मिळालं. मात्र गटात येण्याआधीच तिनं नृत्य आणि संगीत नाटकाचं रीतसर शिक्षण घेतलेलं होतं, हे विसरू नका. आपल्याकडचं नाव म्हणजे नंदू भेंडे. मुंबईच्या रॉक बँडमध्ये गाणारा हा गायक दिग्दर्शक अलेक पदमसींच्या ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’ या संगीत नाटकात जुडास झाला आणि 1978 मध्ये जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेल्या पु. लं.च्या ‘तीन पैशाचा तमाशा’त मराठी रंगमंचावर उभा राहिला. तिथं त्याला नाट्यपदाच्या वळणावर आणण्याचा खटाटोप कुणी केला नाही. त्या नाटकात वेगवेगळ्या बाजाची गाणी होती आणि त्याचा पाश्चात्त्य ढंग तसाच वापरून घेतला गेला.

म्हणून भूमिका स्वीकारण्याआधी संहिता मागून घ्या आणि पदं कोणत्या अंगाची आहेत ते बघा. रागदारीवरची, तानांची जागा असलेली पदं असतील तर सहा महिन्यांत ती गळ्यावर चढत नाहीत. अशा नाटकात पहिल्यांदा नांदीच्या समूहात किंवा एक-दोन पदांच्या भूमिकेत उभं राहणं शहाणपणाचं. लोकसंगीताच्या अंगाचं नाटक असेल तर तुमचा गळा आधीच तयार आहे. जालना जिल्ह्यातल्या जांबसमर्थच्या राजकुमार तांगडे यांनी लिहिलेलं ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ शाहिरी संगीताच्या बळावर महाराष्ट्रभर चाललं. भीमगीतं, भारूड, गोंधळ गाणाऱ्या मराठवाड्यातल्या आवाजाला तशा नाटकात मुळीच बिचकायचं कारण नाही.

आता खरी अडचण. बँडमधून आलेला गायक अडखळतो तो गाण्यात नव्हे, गाण्याच्या आधीच्या वाक्यात. बँडमध्ये की-बोर्डवर सुरुवातीचा तुकडा वाजतो, तेवढ्या वेळात आपण माइक धरतो, श्वास घेतो, प्रेक्षकांकडे वळतो. नाटकात बहुतेक पदांना असा तुकडा नसतोच. तुमचं शेवटचं वाक्य चालू असतानाच ऑर्गनवाला हलकेच षड्ज, म्हणजे ‘सा’, धरतो आणि वाक्य संपताच पद सुरू होतं. तिथं तुम्ही थांबलात, खाकरलात, पाय जुळवून समोर वळलात, की पात्र गेलं आणि ऑर्केस्ट्रातली गायिका उभी राहिली.

यावर तालमीचा क्रम असा ठेवा. पदाचे शब्द वहीत गद्यासारखे सलग लिहा, ओळी तोडू नका. ते सुराशिवाय, समोरच्या पात्राला उद्देशून बोला. ज्या शब्दावर आपोआप जोर येतो तो अधोरेखित करा. मग पदाच्या आधीचं वाक्य आणि पदाची पहिली ओळ एकाच श्वासात बोलून बघा. हे जमलं की वाक्य बोलायचं आणि ओळ गायची, मधे श्वास न घेता. वाक्याचा शेवट फार खाली पडत असेल तर सूर सापडत नाही. तेव्हा वाक्याचा शेवटचा शब्द षड्जाच्या किंवा पंचमाच्या (‘प’च्या) आसपास ठेवायची सवय लावा. कान तयार नसेल तर पहिला महिना रोज वीस मिनिटं तानपुऱ्याच्या ॲपवर एवढंच करा. तान-पलटे नंतर.

तबल्याशी खूण आधीच ठरवून घ्या. मान हलवून सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, दाखवायची सवय इथं चालत नाही. तबलजी तुमच्याकडे बघत असतो. पदर सावरणं, एक पाऊल टाकणं अशी भूमिकेत बसणारी हालचाल समेवर ठेवली तर तो बरोबर पकडतो. वन्समोअर आला तर कुठून उचलायचं, हेही तालमीतच पक्कं करा. साधारणपणे ध्रुवपदावरून घेतात. तेवढा वेळ समोरच्या पात्रानं काय करायचं हे ठरलेलं नसलं तर तो नट ओशाळवाणा उभा राहतो आणि प्रसंग विस्कटतो.

पट्टीचं, म्हणजे ‘सा’ कुठं धरायचा याचं म्हणाल तर, बँडमध्ये काळी पाचमध्ये सहज गात असाल तरी नाटकासाठी थोडी खालची, पांढरी सहा किंवा काळी चार धरून बघा. बँडमध्ये दोन गाण्यांच्या मधे निवेदक बोलतो, तुम्ही पाणी पिता. इथं अडीच तास तुम्हीच बोलणार आणि तिसऱ्या अंकातलं पद दमलेल्या गळ्यानं गाणार. पट्टी त्या पदावरून ठरवा, पहिल्या पदावरून नव्हे. आणि की-बोर्डचं ट्रान्सपोजचं, म्हणजे पट्टी बदलायचं बटण पायपेटीच्या ऑर्गनला नसतं. वादकाला नव्या पट्टीत बोटं बसवायला वेळ लागतो, म्हणून तालमी सुरू होतानाच सांगा.

प्रश्न : हातातल्या माइकवर माझा आवाज भरदार येतो, पण नाटकात अंगावरचा माइक लावला की पातळ, लांबून आल्यासारखा वाटतो. साउंडवाला म्हणतो, जोरात गा. काय चुकतंय? – एक वाचक, जालना

जोरात गाऊ नका. हातातला माइक ओठांपासून चार-पाच सेंटिमीटरवर असतो आणि इतक्या जवळून तो आवाजातले खर्जाचे कंप वाढवून दाखवतो. तो भरदारपणा निम्मा माइकचा असतो. अंगावरचे बारीक माइक बहुधा चहूकडून सारखं ऐकणारे असतात, त्यांत ही वाढ होत नाही. ऐकू येतो तो तुमचा मूळ आवाजच. तो भरून काढायला गायक गळ्यावर जोर देतो आणि दुसऱ्या अंकापर्यंत घोगरा होतो. साउंडवाल्याला खालचे स्वर थोडे उचलायला सांगा.

दुसरं म्हणजे, वरच्या सुराला माइक लांब नेणं आणि हळू ओळीला जवळ आणणं ही कामं इथं हात करत नाही. आवाज कमी-जास्त गळ्यातूनच करावा लागतो. घरी हात मागे बांधून गायचा सराव करा.

माइक छातीवर लावला तर मान वळवताच आवाज जातो. केसांच्या रेषेत, कपाळाच्या मधोमध किंवा फेट्याच्या काठाखाली तो सर्वांत बरा. तारेचा एक छोटा वळसा मानेमागे कागदी चिकटपट्टीनं अडकवा, म्हणजे ओढ बसली तरी माइक जागचा हलत नाही. आपल्याकडे एप्रिल-मेच्या प्रयोगात घाम कपाळावरून थेट माइकवर उतरतो आणि आवाज कोंडल्यासारखा होतो. मध्यंतरात माइक कोरड्या कापडानं टिपून घ्या. माइकच्या तारेला जोडलेला ट्रान्समीटर पातळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कंबरेच्या पट्ट्यात ठेवा. सेल प्रत्येक प्रयोगाला नवे घाला. तालमीतले अर्धे उतरलेले सेल पदाच्या मधेच दगा देतात. आणि दोन पात्रं मिठी मारतात तेव्हा दोन्ही माइक चालू असतील तर आवाज पोकळ येतो. त्या क्षणी एकाचा बंद करायचा, हे साउंडवाल्याच्या संहितेत लिहून ठेवलेलं असावं.

मंगल कार्यालयात किंवा शाळेच्या मंचावर प्रयोग असेल तर स्पीकर कलाकारांच्या पुढे लावा. मागे किंवा बाजूला ठेवलेत तर माइक शिट्टी मारणारच.

प्रश्न : नवरात्रात रात्री कार्यक्रम आणि दिवसा नाटकाची तालीम. आवाज बसतो. मध-हळदीशिवाय काही? – एक वाचक, नांदेड

विश्रांतीला पर्याय नाही. वेस्ट एंडला आठवड्याला आठ प्रयोग असतात, पण तिथं बदली कलाकार तयार असतो आणि गायक बाकीचा वेळ गळा जपतो. तुम्ही तालमीत पूर्ण आवाजानं गाऊ नका. हालचाली बसवताना एक सप्तक खाली गुणगुणा. कुजबुजून बोलू नका, त्यानं गळ्यावर उलट ताण येतो.

गाण्याआधी पेल्यात पाणी घ्या, त्यात स्ट्रॉ दोन-तीन सेंटिमीटर बुडवा आणि ‘ऊ’ धरून पाच मिनिटं बुडबुडे काढत सूर खाली-वर न्या. स्वरतंतूंवर ताण न येता आवाज मोकळा होतो. कार्यक्रमानंतरही तीन मिनिटं हेच. रात्री उशिरा झणझणीत जेवून लगेच आडवं झालं की आम्ल घशाशी येतं आणि सकाळी आवाज जड होतो. जेवण कार्यक्रमाआधी उरका. तंबाखू, गुटखा पूर्ण बंद. घोगरेपणा तीन आठवड्यांहून जास्त राहिला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीनं स्वरतंतू तपासून घ्या, त्यात चालढकल नको.

प्रश्न : कॉलेजच्या जुन्या विद्यार्थ्यांचा आमचा गट तिकीट लावून संगीत नाटक करणार आहे. परवानगी लागते का? – एक वाचक, अंबाजोगाई

नाटकावर अवलंबून. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क टिकतो. किर्लोस्करांचं ‘सौभद्र’ 1882 सालचं, ते खुलं आहे. ‘मानापमान’चे लेखक खाडिलकर 1948 मध्ये गेले आणि चाली देणारे गोविंदराव टेंबे 1955 मध्ये, त्यामुळे तेही खुलं. ‘कट्यार काळजात घुसली’ मात्र दारव्हेकरांचं आणि चाली अभिषेकीबुवांच्या. तिथं दोन्हींच्या वारसांची लेखी परवानगी घ्या. जुन्या नाटकाची कुणी अलीकडे कापून बेतलेली रंगावृत्ती वापरणार असाल तर त्या संपादकाचा हक्क वेगळा, आणि तयार ट्रॅक वाजवणार असाल तर ध्वनिमुद्रणाचाही वेगळा. याशिवाय जाहीर प्रयोगासाठी संहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. संहिता जशी सादर करणार तशीच पाठवा, पदांसकट. तारीख ठरवून नाट्यगृहाचे पैसे भरण्याआधी हे हातात असू द्या.