वाचकांचे प्रश्न : टर्बो गाडी आणि सोलापूरची हवा

मागच्या अंकात मी माझ्या टर्बो गाडीवर चार ओळी लिहिल्या आणि नेहमीपेक्षा जास्त पत्रं आली. बरीचशी टर्बोबद्दलचीच होती, म्हणून या वेळी दुसरं काही घेत नाही.

प्रश्न : दादा नमस्कार. मी जुळे सोलापूरचा, वय २९, घरचा टॉवेल-चादरीचा धंदा आहे. पाच वर्षं पैसे साठवलेत आणि आता सेकंडहँड स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस ही टर्बो गाडी घ्यायची म्हणतोय, २३० हॉर्सपॉवरची, पहिल्या लॉटमधली. पप्पा म्हणतात सात रस्ता चौकाच्या सिग्नलला ती उभी करून तुला काय मिळणार बे? मला धड उत्तर देता येईना. तुमच्याकडे सात वर्षं अशी गाडी आहे, तर समाधान नेमकं कशात आहे ते खरं खरं सांगा.

पप्पांचा प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याला नीट उत्तर द्यायला पाहिजे. हॉर्सपॉवरच्या आकड्याचा आनंद दोन महिने टिकतो, हे मी अनुभवावरून सांगतो. मित्रांना बसवून झालं, पाहुण्यांना दाखवून झालं, मग आकडा विसरायला होतं आणि त्यानंतर जे उरतं तेच खरं.

काय उरतं ते सांगतो. पहाटे साडेपाचला तुळजापूर रोड, तामलवाडी मागे पडलीय, रस्ता मोकळा, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये दोन हजार आरपीएमवर, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला दोन हजार फेऱ्यांवर, निवांत चाललीय. तू पाय दाबतोस. अर्धा क्षण काहीच होत नाही, मग समोरून अगदी बारीक शीळ ऐकू येते आणि पाठीला सीटचा दाब जाणवायला लागतो. धक्का बसत नाही, कुणीतरी मोठा तळहात पाठीवर ठेवून पुढं नेतंय असं वाटतं. मला समाधान देतो तो हा तळहात आणि त्याच्या आधीचा तो अर्धा क्षण.

तो अर्धा क्षण का असतो? इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक छोटी पंख्यासारखी चक्की फिरवतो, तिच्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला अजून एक चक्की असते, ती बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. जास्त हवा आली म्हणजे जास्त पेट्रोल जाळता येतं, एवढंच या टर्बोचं गणित. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी नावाच्या इंजिनिअरने १९०५ मध्ये याचं पेटंट घेतलं होतं आणि पुणे नाक्यावरून चढणाऱ्या ट्रकची जी शीळ आपण लहानपणापासून ऐकतो ती याचीच. पण चक्कीला वेग घ्यायला आधी धूर वाढावा लागतो आणि दीड लाख आरपीएमच्या पुढं जायचं म्हणजे थोडा वेळ लागणारच. १९७५ च्या पोर्शे ९११ टर्बोमध्ये, २६० हॉर्सपॉवरच्या, हा वेळ इतका लांब होता की वळणाच्या सुरुवातीला दाबलेली ताकद वळणाच्या मध्यावर यायची, त्यामुळं भल्या भल्या ड्रायव्हरांची मागची चाकं घसरायची. तू बघतोयस त्या गाडीत टर्बो लहान आणि हुशार आहे, ३५० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, दीड हजार आरपीएमपासूनच मिळतो. तरीही पूर्ण दाब यायला किंचित वेळ लागतोच.

तर हा वेळ तू शिकतोस. पहिल्या वर्षी मी वळण संपल्यावर पाय दाबायचो आणि ताकद उशिरा यायची. मग हळूहळू कळत गेलं की तुळजापूरच्या घाटात वळणाचा शेवट दिसायला लागला की तेव्हाच हलका पाय ठेवायचा, म्हणजे स्टिअरिंग सरळ व्हायला आणि ताकद यायला एकच गाठ पडते. तबल्याची सम सापडावी तसं. हे ज्या दिवशी पहिल्यांदा जमलं त्या दिवशी वेग फार तर साठ असेल, पण घरी येईपर्यंत मी एकटाच हसत होतो. ही गाडी तुला एक क्षण पुढचा विचार करायला लावते आणि तू तो केलास की लगेच पावती देते. टर्बो नसलेल्या इंजिनाला स्वतःची मजा आहे, पाय तसा आवाज, सगळं सरळ, पण ही वाट बघण्याची गंमत तिथं नाही.

दुसरी गोष्ट आपल्या भागातली. गळीत हंगामात पंढरपूर रोडला, बार्शी रोडला दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर किती असतात तुला माहितीय, मागे लाल दिवा नाही, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. अशा वेळी समोरचा रस्ता लांबपर्यंत मोकळा दिसला की ओव्हरटेक चार सेकंदात उरकतो आणि आपण परत आपल्या बाजूला. उलट्या बाजूला घालवलेला वेळ कमी होणं यासारखी चैन नाही. ताकद हाताशी आहे म्हणून घाई करावीशीच वाटत नाही, रस्ता दिसत नसेल तर मी ट्रॉलीमागे तीन किलोमीटर आरामात जातो.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त आवडते, ती म्हणजे हवा. टर्बो गाडी हवेवर जगते. मे महिन्यात दुपारी आपल्याकडे ४३ अंश असतं आणि जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत पहाटे १० च्या आसपास, म्हणजे दुपारची ती हवा पहाटेच्या हवेपेक्षा साधारण दहा टक्के विरळ. त्यात टर्बोने दाबल्यावर हवा शंभर अंशांच्या वर तापते, मग ती इंटरकूलरमधून थंड करायची, पण बाहेरच भट्टी असेल तर इंटरकूलर तरी किती थंड करणार? मग इंजिनाचा कॉम्प्युटर नॉकिंग, म्हणजे पेट्रोल भलत्या वेळी पेटून ठोके बसणं, होऊ नये म्हणून स्पार्क थोडा उशिरा देतो आणि गाडी जड वाटते. तीच गाडी जानेवारीच्या पहाटे अशी मोकळी, ताजी चालते की गुदगुल्या होतात. थंडी पडली हे मला स्वेटरच्या आधी गाडी सांगते. सोलापूरच्या माणसाला हा फरक जसा कळतो तसा वर्षभर गार हवेत राहणाऱ्याला कळत असेल असं मला वाटत नाही.

पप्पांना हे सगळं सांगू नकोस, जानेवारीत एकदा पहाटे शेजारी बसव. सात रस्त्याचा सिग्नल दिवसातून दहा मिनिटांचा आहे.

घेताना एकच बघ. आदल्या रात्रीपासून बंद असलेली गाडी सकाळी तुझ्यासमोर सुरू करायला सांग, निळा धूर आला तर तिथून निघायचं. आणि कुणी 'रीमॅप करून तीनशे घोडे केलेत', म्हणजे कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून ताकद वाढवलीय, असं कौतुकानं सांगितलं तरी निघायचं. सगळे पैसे गाडीत घालू नकोस, पहिल्या वर्षाच्या टायर, ब्रेक, ऑइलसाठी वेगळे ठेव.

प्रश्न : टर्बो गाडी बंद करायच्या आधी दोन मिनिटं चालू ठेवावी म्हणतात, आमचा मेकॅनिक म्हणतो हे जुन्या काळचं झालं. खरं काय? (अक्कलकोट रोड एमआयडीसी)

दोन्ही थोडं थोडं खरं आहे. पेट्रोल गाडीचा धूर जोरात चालवताना ९०० अंशांच्या आसपास असतो आणि तो ज्या चक्कीवर आदळतो तिचा दांडा ऑइलच्या नुसत्या पातळ थरावर तरंगत फिरतो. गाडी जोरात चालवून लगेच बंद केलीत तर ऑइलचा पुरवठा थांबतो, आत अडकलेलं ऑइल त्या उष्णतेत जळून कोळसा होतो आणि पुढं तोच कोळसा ऑइलची वाट अडवतो. आता बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही इलेक्ट्रिक पंप टर्बोभोवती कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, फिरवत राहतो, म्हणून मेकॅनिक म्हणतो ते चूक नाही. पण मी काय करतो ते सांगतो, हायवे सोडला की शेवटचे दोन-तीन किलोमीटर हळू चालवतो. घरी पोचेपर्यंत टर्बो आपोआप निवलेला असतो, दारात उभं राहून पेट्रोल जाळायची गरज नाही. मात्र घाट चढून लगेच धाब्यावर थांबलात तर मिनिटभर चालू ठेवाच.

याच्यापेक्षा महत्त्वाची दोन कामं आहेत आणि ती लोक करत नाहीत. एक, सकाळी गाडी सुरू केली की पहिले आठ-दहा किलोमीटर पाय हलका. टेंपरेचरचा काटा मध्यावर आला म्हणजे कूलंट गरम झालं, ऑइल त्याच्या मागून बऱ्याच वेळाने गरम होतं. दुसरं, ऑइल कोणतं पडतंय ते स्वतः उभं राहून बघा. माझ्या आधीच्या टर्बो गाडीत एका गॅरेजवाल्याने मी चहाला गेलो तेवढ्यात मॅन्युअलमधल्या ग्रेडऐवजी जे कॅनमध्ये होतं ते ओतलं. बिलावर नुसतं 'इंजिन ऑइल' लिहिलेलं आणि मीही विचारलं नाही. पाच हजार किलोमीटर गेल्यावर मोहोळच्या पुढं आरशात निळसर धूर दिसला. टर्बो उघडला तेव्हा दांडा बोटानं हलवला तर टक टक वाजत होता, आणि ऑइल येण्याचं ते पेन्सिलीच्या टोकाएवढं भोक काळ्या खरपुडीनं जवळजवळ बुजलेलं. ते भोक मी आजही विसरलेलो नाही. तेव्हापासून सीलबंद डबा माझ्यासमोर उघडतो, त्यावरचा ग्रेड मॅन्युअलशी जुळवतो आणि कंपनीने सांगितलेल्या अंतराच्या आधीच ऑइल बदलतो, कारण आपल्याकडची धूळ आणि ऊन दोन्ही जास्त आहे. एअर फिल्टरही उन्हाळ्यात दर महिन्याला काढून बघा, हवेचा सगळा खेळ तिथूनच सुरू होतो.

प्रश्न : ९५ ऑक्टेनचं महाग पेट्रोल घालून फरक पडतो का? आणि पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलचं काय? (बार्शी)

ऑक्टेन म्हणजे पेट्रोल नॉकिंगला किती दाद देत नाही त्याचं माप. आधी पेट्रोलच्या झाकणाच्या आत काय लिहिलंय ते वाचा. किमान ९५ लिहिलं असेल तर तेच घाला, विशेषतः एप्रिल-मेमध्ये, कारण गरम हवेत नॉकिंगची शक्यता वाढते आणि जास्त ऑक्टेन तिथंच कामाला येतं. ९१ वर चालणारी गाडी असेल तर फार फरक शोधू नका. इथेनॉल तर आपल्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांतून निघतं, त्याचा ऑक्टेन चांगला असतो पण लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश, म्हणून वीस टक्के मिश्रणात ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी कमी होते, अ‍ॅव्हरेजवर त्याचा परिणाम धरून चला. एप्रिल २०२३ च्या आधीची गाडी असेल तर ती या मिश्रणासाठी बनलेली नसू शकते, म्हणून रबरी पाइप आणि सील सर्व्हिसला आवर्जून तपासून घ्या.

एक अजून, न विचारलेलं. पाचव्या-सहाव्या गिअरमध्ये बाराशे आरपीएमवर गाडी असताना पाय पूर्ण दाबू नका. लहान टर्बो इंजिनात त्या वेळी पेट्रोल वेळेच्या आधी पेटू शकतं आणि तो ठोका थेट पिस्टनवर बसतो. हाताने गिअर टाकायची गाडी असेल तर एक गिअर खाली या, मग दाबा.

प्रश्न : माझ्या मुलानं अशीच गाडी घेतलीय. चांगला आहे, कमावता आहे, पण रात्री तो हायवेला गेला की मला झोप लागत नाही. त्याला गाडी विकायला लावू का? (एक आई, होटगी रोड)

काकू, विकायला लावू नका, पण गप्पही बसू नका. माझी आई पहिलं वर्षभर अशीच जागी असायची, म्हणून तुमचं पत्र मी दोनदा वाचलं.

त्याला दोन गोष्टी स्पष्ट सांगा. रात्री हायवेला मजेसाठी जायचं नाही. आपल्या रस्त्यांवर रात्री न दिसणारी ट्रॉली असते, उलट्या बाजूनं येणारी मोटरसायकल असते, डिव्हायडर ओलांडणारी जनावरं असतात, आणि जी गोष्ट दिसलीच नाही तिच्यासाठी चांगले ब्रेक सुद्धा कुणी दाबत नाही. पहाटे उजाडल्यावर जा म्हणावं. आणि नवरात्रात, कोजागिरीला तर तुळजापूर रोडला गाडी काढायचीच नाही, तो रस्ता त्या दिवसांत चालत जाणाऱ्यांचा असतो. वेगच अनुभवायचा असेल तर चेन्नईजवळ, कोइमतूरला रीतसर ट्रॅक आहेत, तिथं शिकवणारे असतात, हेल्मेट असतं, समोरून कुणी येत नाही. मी एकदा जाऊन आलो आणि गंमत म्हणजे त्यानंतर रस्त्यावर माझा पाय हलका झाला, गाडी खरंच किती पळते ते एकदा कळल्यावर मोहोळच्या पुलावर कुणाला दाखवायची हौस राहत नाही.

आणि एक विनंती. एका रविवारी सकाळी त्याला म्हणा मला देवीला घेऊन चल. पुढं बसा, बेल्ट लावा, बोलू नका, नुसतं बघा तो आरशात किती वेळा बघतो, ट्रॉलीमागे थांबतो की नाही, गावातून जाताना पाय काढतो की नाही. माझ्या आईनं हेच केलं होतं. येताना ती झोपून गेली, सोलापूर आलं तेव्हा जाग आली आणि म्हणाली, आलं पण का?