देवचार, नाद आणि सोडवणूक

वेंगुर्ल्याजवळच्या एका वाचकाची शंका आली आहे. तो कॅथलिक, शाळा मराठी माध्यमातली, घरात मालवणी आणि आजीची प्रार्थना मात्र गोव्याच्या कोंकणीत. त्यांच्या चर्चमधल्या मुलांनी प्रार्थना आणि गाण्यांची एक संध्याकाळ ठरवली आहे आणि फलकावर 'डिलिव्हरन्स'ला (वाइटाच्या तावडीतून सोडवण्यासाठीच्या प्रार्थनेला) मराठी शब्द हवा आहे. मुक्ती, सुटका, तारण, की आणखी काही? हा पहिला प्रश्न. दुसरा जास्त मजेशीर आहे. गोव्याहून आलेल्या प्रवचनकारांनी सांगितलं, की हल्लीची काही गाणी देवचाराची असतात आणि ती ऐकली की देवचार माणसात शिरतो. गिटार वाजवायला आलेला त्याचा हिंदू मित्र हे ऐकून गोंधळला. त्याच्या वाडीत देवचार म्हणजे राखणदार. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "आमचो देवचार कोणाक धरणा नाय, उलट वाट चुकलेल्याक घराक आणून सोडता." मग खरा अर्थ कोणता?

दोन्ही खरे. मधे फक्त तेरेखोलची खाडी आहे.

सिंधुदुर्गात देवचार हा गावाच्या शिवेवरचा. रात्री फिरतो, हातात काठी, खांद्यावर घोंगडी. त्याचा मान दिला की तो गाव राखतो. मान चुकला तर मात्र बघायला नको. म्हणजे तो अगदी देवही नाही आणि निव्वळ भूतही नाही. जुन्या काळच्या एखाद्या कडक गावकारासारखा आहे. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याने जमवलेल्या टिपणांवरून एन्थोवेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १९१५ साली कोकणातल्या लोकसमजुतींवर एक पुस्तक काढलं (हा तोच जॅक्सन, १९०९ साली अनंत कान्हेरे यांनी ज्याला गोळी घातली). त्यात देवचाराची गणना भुतांमध्येच आहे. पण त्याच कोकणात आरवलीचा वेतोबा आहे. घाटावर 'वेताळ' म्हटलं की स्मशान आणि भुतांचा राजा आठवतो. आरवलीत तो ग्रामदेव आहे, त्याला केळीचे घड आणि भल्यामोठ्या वहाणा वाहतात, आणि त्या वहाणा रात्रीच्या फेरीने झिजतात असं भाविक सांगतात. भूत कुठे संपतं आणि देव कुठे सुरू होतो याची सीमारेषा आपल्याकडे कधीच पक्की आखलेली नव्हती.

ख्रिस्ती शिकवणुकीत ती पक्की आहे. देव एक, त्याच्या विरोधात उभा राहिलेला आणि पडलेला दूत म्हणजे सैतान, आणि मधे वाटाघाटीला जागा नाही. नारळ देऊन, मान देऊन त्याला राजी राखणं तिथे बसतच नाही. गोव्याच्या ख्रिस्ती कोंकणीत या सैतानाला नाव मिळालं ते देवचार. शिवेवरचा राखणदार नरकाचा मालक झाला. गिटारवाल्या मित्राला धक्का बसला तो इथे.

पण हे फक्त बिचाऱ्या देवचाराच्याच वाट्याला आलेलं नाही. ग्रीक भाषेत 'दायमोन' हा असाच मधला शब्द होता. देवही नव्हे, माणूसही नव्हे, माणसाच्या नशिबात लुडबुड करणारी एक शक्ती. सॉक्रेटिस आपल्याला आतून अडवणाऱ्या खुणेला याच घराण्यातला शब्द वापरत असे आणि त्यात त्याला काही वाईट वाटत नव्हतं. बायबलच्या नव्या करारात तोच शब्द माणसाला पछाडणाऱ्या अशुद्ध आत्म्यांसाठी आला आणि मग त्याला दुसरा अर्थ उरला नाही. तिकडे इराणात 'दएव' म्हणजे दुष्ट शक्ती आणि इकडे आपला 'देव' म्हणजे देव, मूळ एकच. शेजाऱ्याचा देव आपल्याकडे येताना बरेचदा शिंगं लावून येतो.

'सैतान' हा शब्द मात्र बाहेरून, फारसी-अरबीच्या वाटेने आलेला. मूळ हिब्रू 'सातान' म्हणजे आडवा येणारा, विरोधक. बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकात तो देवाच्या दरबारात उभा राहून चक्क फिर्यादीसारखा बोलतो. मराठीत त्याची धार बोथट झाली आहे. आपण शेजाऱ्याच्या पोराला 'सैतान कार्टं' म्हणतो ते कौतुकानेसुद्धा. प्रवचनकारांनी 'सैतानाची गाणी' म्हटलं असतं तर तो मित्र बहुधा हसून सोडून देता. 'देवचाराची' म्हटलं म्हणून लागलं.

आता गाण्याकडे. पत्रलेखक विचारतो, की गाण्यातून भूत शिरतं ही कल्पना ख्रिस्ती लोकांनी कुठून आणली? इथे कोकणातल्या माणसाने तरी आश्चर्य दाखवू नये. देवळासमोर ढोलाचा ठेका चढत गेला की अवसार येतो, हे आपण लहानपणापासून पाहिलं आहे. वाद्याने काहीतरी अंगात येतं हे दोघांनाही मान्य आहे. कोण येतं, एवढ्यावरच वाद.

बाप्तिस्म्याच्या वेळी सैतानाचा त्याग करता का, असं अजूनही विचारतात. जुन्या लॅटिन वाक्यात सैतानाबरोबर त्याच्या 'पोंपा'चाही त्याग असे. पोंपा म्हणजे मिरवणूक, देवतांच्या मूर्ती घेऊन वाजतगाजत निघणारी. इसवी सन २००च्या सुमारास तर्तुलियन नावाच्या आफ्रिकेतल्या लेखकाने ख्रिस्ती माणसाने नाटकं आणि खेळ पाहायला का जाऊ नये यावर अख्खी पुस्तिका लिहिली, ती याच धाग्यावर: जिथे मिरवणूक दुसऱ्या देवाची, तिथलं गाणंबजावणंही त्याचंच. मराठीत 'सैतानाचा थाटमाट' म्हटलं की तो दागिन्यांवर वगैरे जातो आणि मूळचा ढोलताशा हरवतो.

गोव्यात हे फार टोकाला गेलं. इन्क्विझिशनने, म्हणजे श्रद्धेबाहेरचं वागणं हुडकून शिक्षा देणाऱ्या चर्चच्या न्यायालयाने, १७३६ साली काढलेल्या आज्ञापत्रात हिंदू वळणाच्या लग्नचालींवर बंदी घातली गेली, आणि त्यात लग्नातल्या ओव्या म्हणण्यावरही. गंमत पाहा. त्याआधी एकशेवीस वर्षांपूर्वी, १६१६ मध्ये, गोव्यातल्याच साष्टीत राहणाऱ्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याने येशूची सगळी कथा मराठीत लिहिली होती ती ओवीतच. ख्रिस्तपुराणाच्या ओव्या दहा हजारांवर आहेत. आणि आजही काही मराठी ख्रिस्ती घरांत बायबलच्या वचनाला 'ओवी' म्हणतात. ज्या छंदावर बंदी आली तोच शास्त्राचं माप होऊन बसला. पुढे दापोलीकडच्या करजगावात १८६१ साली जन्मलेले नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांनी अभंग आणि भजनं सोडली नाहीत. उलट त्याच चालींवर ख्रिस्ती देवळं भरवली.

'सैतानाचा स्वर' नावाचीही एक कथा फिरत असते, म्हणून जाता जाता. पाश्चात्त्य संगीतात एका विशिष्ट स्वरांतराला लॅटिनमध्ये 'संगीतातला सैतान' म्हणत. मध्ययुगात चर्चने त्यावर बंदी घातली होती असं जे सांगतात ते खोटं. ते नाव छापील ग्रंथांत दिसतं ते अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, आणि तेही सुरांचे नियम शिकवताना. ते स्वरांतर म्हणजे आपल्या सा पासून तीव्र मध्यम. म्हणजे संध्याकाळी क्लासला बसलेलं पोर यमन शिकताना पहिल्याच आठवड्यात जे गातं ते.

आणि गाणं उलटं वाजवलं की त्यात सैतानाचा संदेश ऐकू येतो, ही १९८०च्या दशकातली अमेरिकन धास्ती. त्यावरून नेवाडातल्या रेनो इथे जूडास प्रीस्ट या बँडवर खटला झाला आणि १९९०मध्ये तो फेटाळला गेला. यावर मला एवढंच सुचतं, की आपल्याकडे वाल्या कोळी 'मरा मरा' म्हणत बसला आणि त्याचं 'राम' झालं. उलटं केल्यावर काय निघणार हे बरंचसं ऐकणाऱ्यावर असावं.

पण खरा खजिना मराठीतच आहे. 'नाद' हा शब्द घ्या. नाद म्हणजे ध्वनी, आणि नाद म्हणजे व्यसनही. घंटेचा नाद आणि पत्त्यांचा नाद. 'तो तिच्या नादी लागला' म्हणतो तेव्हा आपल्या मनात गाणं नसतं, पण शब्दात आहे. आवाज आणि ओढ एकाच शब्दात कोंबणाऱ्या भाषेला, गाण्याने माणूस बहकतो हे वेगळं सांगायला नको. आणि क्रियापद बघा: नाद *लागतो*, वेड *लागतं*, भूत *लागतं*, तहानही *लागते*. बायबलच्या मराठी भाषांतरात 'अशुद्ध आत्मा लागलेला मनुष्य' येतो, ते 'लागणे' थेट आपल्या अंगणातलं आहे. 'ग्रस्त' हा त्याच भाषांतरातला शब्द मला कचेरीतला वाटतो; भूतग्रस्त, पूरग्रस्त, प्रकल्पग्रस्त.

जे लागतं ते सुटतं. नाद सुटतो, वेडही सुटतं. आणि स्वतःहून सुटत नाही तेव्हा कुणीतरी सोडवतं. प्रभूच्या प्रार्थनेत शेवटी काय आहे? 'आम्हांला वाइटापासून सोडव.' ग्रीक मुळात तो शब्द 'वाईट' असाही घेता येतो आणि 'तो दुष्ट' असाही. व्याकरण दोन्हीला वाट देतं, म्हणून भाषांतरकारांचे दोन पंथ आहेत. मराठी 'वाइटापासून' म्हणते आणि दुष्टाला नाव देत नाही. मला ते आवडतं. क्रियापदाबद्दल मात्र दुमत नाही: सोडव.

म्हणून पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर 'सोडवणूक'. बाकीचे शब्द वाईट नाहीत, पण प्रत्येकाची आधीची नोकरी आहे. 'मुक्ती' म्हटलं की जन्ममरणाचा फेरा डोळ्यापुढे येतो आणि तो विषय इथे नाही. 'मुक्तता' कोर्टात होते, बहुतेक वेळा निर्दोष, पुराव्याअभावी. 'तारण' हा ख्रिस्ती मराठीतला मोठा, जुना आणि मानाचा शब्द आहे, पण तो आत्म्याच्या एकूण उद्धारासाठी. एका संध्याकाळच्या प्रार्थनेसाठी नव्हे. शिवाय चर्चबाहेरून जाणारा माणूस 'तारण' वाचून सोनं ठेवायला आत येईल, अशी भीती मला वाटते. उरली 'सुटका'. ती जवळची आहे, पण सुटका कशीही होते, पळून जाऊनही होते. सोडवणुकीला सोडवणारा लागतो. ख्रिस्ती शिकवणुकीचा सगळा भर त्या सोडवणाऱ्यावर आहे, आणि मराठीने तो प्रत्ययातच दिलेला आहे.

पत्राच्या शेवटी त्याने 'एक्झॉर्सिझम'लाही शब्द विचारला आहे. चर्चमध्ये तो विधी वेगळा आणि बिशपांच्या परवानगीनेच होणारा. आधी आजार तर नाही ना हे पाहायचं, असंही चर्चचा नियम सांगतो. तेव्हा फलकावर त्याला जागा देऊ नका. पण शब्द सुंदर आहे. त्यात ग्रीक 'होर्कोस' आहे, म्हणजे शपथ. शपथ घालून बाहेर काढणं. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत काही भटके मांत्रिक येशूचं नाव घेऊन भुतांना 'शपथ घालतो' म्हणतात आणि त्यांची चांगलीच फजिती होते. आमच्याकडचा भगतही झाडाला, म्हणजे भूत लागलेल्या माणसाला, 'आण' घालतोच. मराठीत सरळ 'भूत काढणे' आहे, ते पुरेसं आहे.

आणि गिटारवाल्या मित्राला सांगायला एक गोष्ट. शौल राजाला दुरात्मा छळायचा तेव्हा दावीद येऊन वाद्य वाजवायचा, आणि तो दुरात्मा निघून जायचा. मराठी बायबलमध्ये त्या वाद्याला 'वीणा' म्हटलं आहे. मुळात ते हातात मावणारं तंतुवाद्य, आपल्या वीणेपेक्षा त्याच्या गिटारीलाच जवळचं. तेव्हा त्याने वाजवावं. प्रवचनात 'देवचार' शब्द आला तर मनात 'सैतान' असं वाचावं, आणि वाडीत परतल्यावर शिवेवरच्याचा मान काय तो त्याच्या घरच्यांनी ठरवावा.

फलक रंगवणाऱ्याला तेवढं बजावून ठेवा: 'सोडवणूक' लिहिताना णू दीर्घ, पण 'सोडवणुकीची प्रार्थना' लिहिताना णु ऱ्हस्व.