वाचकांचे प्रश्न : उतारावरची लाकडी मोटार आणि संगणकावरचे आरेखन

प्रश्न : माझ्या मेहुणीने अमेरिकेहून भाच्यासाठी ‘पाइनवुड डर्बी’चा संच पाठवला आहे. त्यात लाकडाचा एक ठोकळा, प्लास्टिकची चार चाके आणि चार खिळे आहेत. मुलगा अभियांत्रिकी पदविकेच्या दुसऱ्या वर्षात असून मामेभावासाठी फ्यूजन या आरेखन-प्रणालीवर गाडीचा आराखडा काढून देतो म्हणतो. त्याने गाडी खरोखर वेगवान होईल, की हा नुसता संगणकाचा थाट ठरेल?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : पाइनवुड डर्बी ही मुलांच्या छोट्या लाकडी गाड्यांची शर्यत. तिची सुरुवात 1953 मध्ये कॅलिफोर्नियातील मॅनहॅटन बीच येथे डॉन मर्फी या बालवीर पथकप्रमुखांनी केली. गाडीला इंजिन नसते. उतरत्या मार्गावरून ती केवळ स्वतःच्या वजनाने धावते. ठोकळा साधारण 7 इंच लांब असतो आणि तयार गाडीचे वजन बहुतेक ठिकाणी 5 औंस, म्हणजे सुमारे 142 ग्रॅम, यापेक्षा जास्त चालत नाही. सर्वांना उंची सारखी आणि वजनाची मर्यादाही सारखीच असल्यामुळे खरा प्रश्न उरतो तो एवढाच, की मिळालेली ऊर्जा वाया किती जाते आणि वजन ठेवले कुठे आहे.

यातील दुसऱ्या प्रश्नाला संगणक चोख उत्तर देतो. सुरुवातीला गाडी उतारावर उभी असल्याने तिचा मागचा भाग उंचावर असतो. म्हणून वजन जितके मागे, तितका गुरुत्वमध्य, म्हणजे गाडीचे सारे वजन जिथे एकवटले आहे असे मानता येते तो बिंदू, उंच. मार्गाची एकूण उंची सव्वा मीटरच्या आसपास आणि उतार 30 अंशांचा धरला, तर गुरुत्वमध्य 2 सेंटिमीटर मागे सरकवल्यास तो 1 सेंटिमीटर वर जातो आणि वेग जेमतेम 0.4 टक्क्याने वाढतो. हे किरकोळ वाटेल. परंतु पुढच्या 6 मीटर सपाट मार्गावर तेवढ्याने सुमारे अडीच सेंटिमीटरची आघाडी मिळते, आणि या शर्यतीचे निकाल पुष्कळदा इतक्याच फरकाने लागतात. मात्र वजन फारच मागे गेले, तर पुढची चाके हलकी होऊन गाडी डुलू लागते. मागच्या आसापुढे सुमारे एक इंचावर गुरुत्वमध्य ठेवावा, असा अनुभवी मंडळींचा साधारण संकेत आहे.

आपल्या चिरंजीवांना मात्र एक गोष्ट आवर्जून सांगा. प्रणालीच्या यादीतून ‘पाइन’ निवडून मोकळे होऊ नये, कारण ती घनता सरासरीची असते आणि लाकूड सरासरीचे कधीच नसते. ठोकळा एखाद्या सराफाच्या काट्यावर तोलावा. 17.8 × 4.4 × 3.2 सेंटिमीटरच्या ठोकळ्याचे घनफळ सुमारे 250 घन सेंटिमीटर होते. वजन 115 ग्रॅम भरले तर घनता दर घन सेंटिमीटरला 0.46 ग्रॅम येते, आणि तोच आकडा प्रणालीत भरावा. चाके व खिळेही तोलून घ्यावेत. मग पडद्यावर ठोकळा पाचरीसारखा पातळ करत गेले, की प्रत्येक कापाबरोबर उरलेले वजन आणि गुरुत्वमध्य दोन्ही समोर दिसतात, आणि वजनासाठीचे भोक नेमके कुठे व किती खोल पाडायचे हे करवत हातात घेण्याआधीच ठरते. समजा, 60 ग्रॅम भर घालायची आहे. पोलादाला त्यासाठी साडेसात घन सेंटिमीटरहून थोडी अधिक जागा लागते, टंगस्टनला तीनहून किंचित अधिक पुरते. शिसे या दोहोंच्या मधले असले, तरी ते विषारी असल्यामुळे लहान मुलाच्या हाती देऊ नये. टंगस्टन महाग वाटले, तर बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या लेथवाल्याकडून मापाची पोलादी कांडी कापून घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

आराखडा कागदावर छापताना तो मूळ मापातच छापावा. ‘पानात बसवा’ हा पर्याय चालू राहिला, तर आसांमधले अंतर चुकते आणि दोष मात्र सुताराला लागतो.

हवेच्या विरोधाची मुले फार चर्चा करतात. चौकोनी ठोकळ्याऐवजी पातळ पाचर केल्याने काही सेंटिमीटरचा फायदा होतो, हे खरे. त्यापुढे नाकाला गोलाई किती द्यावी यावर रात्री जागवण्यात अर्थ नाही. तो वेळ खिळ्यांना द्यावा. खिळ्याच्या डोक्याखाली साच्याची बारीक शीर राहिलेली असते. ती कानशीने काढून, बारीक पॉलिश पेपरने खिळा आरशासारखा करावा आणि ग्रेफाइटची पूड चोळावी. काचेच्या सपाट पृष्ठावर गाडी ढकलून ती सरळ जाते का, हे पाहावे. चाक मार्गाच्या मधोमध गाडीला दिशा देणाऱ्या पट्टीला घासत राहिले, तर गुरुत्वमध्याने मिळवलेले सारे तिथेच जाते. आणि हा दोष आराखड्यात दिसत नाही, कारण पडद्यावरचा खिळा नेहमीच सरळ असतो.

प्रश्न : आमच्या शाळेत अशीच शर्यत घ्यावी, असा विचार आहे. पण बऱ्याच मुलांच्या घरी संगणक नाही. मग ही स्पर्धा न्याय्य ठरेल का?
— एक शिक्षिका, निपाणी

उत्तर : ठरेल. पूर्ण जोडलेली गाडी पट्टीच्या उभ्या कडेवर आडवी तोलून धरली, की गुरुत्वमध्य कळतो. तो मागेपुढे करायचा असेल, तर जाड पत्र्याचे तुकडे मातीने चिकटवून आधी जागा निश्चित करावी आणि मगच भोक पाडावे. संच मागवण्याचीही गरज नाही. यंत्रांच्या खोक्यांचे पाइन सुताराकडून एकाच मापात कापून घ्यावे. चाके मात्र सर्वांना एकाच दुकानातून, एकाच प्रकारची द्यावीत आणि गाड्या तोलण्यासाठी काटा एकच ठेवावा.