शिवरात्रीच्या सुट्टीत फणसाडला निघालेल्या लातूरकरांसाठी

मुरुडजवळच्या फणसाड अभयारण्यात अन् शेजारच्या काशिदच्या समुद्रकिनाऱ्यावर जायचा तुमचा लेखी बेत मिळाला. "आम्हाला मे महिन्यातल्या 42 अंशांची सवय, तिथल्या 32 चं काय एवढं?" हे त्यातलं वाक्य वाचून हसू आलं. पहिल्यांदा निघालो तेव्हा मीही हेच म्हणालो होतो. आमच्यात औशाकडचा एक शेतकरी मित्र होता, दिवसभर उन्हात औतामागं चालणारा. साडेअकराला त्याच्याच पोटऱ्यांत गोळे आले अन् गडी वाटेतच बसला.

आपल्याकडं घाम येतो कधी अन् वाळतो कधी, कळतसुद्धा नाही. तो वाळतो म्हणूनच अंग गार पडतं. किनाऱ्याची हवा आधीच ओली, त्यामुळं घाम नुसता निथळतो. अंग गार होत नाही, उलट पाणी अन् मीठ मात्र जातं. नुसतं पाणी ढोसून भागत नाही. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ (चहाचा चमचा) घालून प्रत्येकानं स्वतःची बाटली ठेवा. जीन्स घालून येणाऱ्याला घरीच ठेवा.

दुसरी गोष्ट तुमच्या बेताची. सकाळी दहाला काशिदच्या किनाऱ्यानं चालायचं अन् दुपारी जंगल, असं लिहिलंय तुम्ही. नेमकं उलटं करा. भिंतीवरचं कालनिर्णय काढा. कोकणातला जुना हिशोब असा, की तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ मिळते. शिवरात्र म्हणजे वद्य चतुर्दशी; चौदाची पाऊणपट साडेदहा. म्हणजे साडेदहा-अकराला भरती, तीही अमावस्येजवळची, उधाणाची! पुळण, म्हणजे वाळूचा पट्टा, संपून खडक लागतात तिथं पाणी वाट अडवून बसलेलं असेल. सहा तासांनी, साडेचार-पाचला ओहोटी. तेव्हा ओली वाळू घट्ट असते, चालायला रस्त्यासारखी. हा हिशोब अंदाजाचाच आहे, गावातल्या कोळ्याला विचारून खात्री करून घ्या. अन् पोहायला उतरू नका. काशिदला माणसं बुडालीत. विहिरीत पोहणं वेगळं, समुद्र वेगळा.

सकाळ मग फणसाडला मोकळी. मुरुड-जंजिऱ्याच्या नवाबाचं हे शिकारीचं रान, 1986 मध्ये अभयारण्य झालं. सुपेगावकडून आत जातात. वनखात्याची परवानगी अन् गावातला वाटाड्या घ्या. तिथं पाणवठ्याला 'गाण' म्हणतात. पहाटे गाणाजवळ गप्प बसलात तर शेकरू, म्हणजे झाडावरची मोठी खार, दिसायची आशा. जमिनीवर शोधू नका, उंच फांद्यांत बघा. सहाजण मोबाईलवर गाणी लावून गेलात तर माकडंसुद्धा दिसायची नाहीत. गारंबीचा वेल मात्र पळून जात नाही. हातभर लांब शेंगा बघून आमच्या शेतकरी मित्राचे गोळे विसरले गेले. दगडात हात घालू नका, कोकणात फुरसं हा विषारी साप असतो.

जायचं कसं, तर लातूर-मुंबई रात्रीची गाडी, गेटवेहून मांडव्याची लाँच, पुढं अलिबागहून मुरुडची एसटी. रिझर्व्हेशन आत्ताच करा.

त्याआधी एका रविवारी येडशीच्या रामलिंग घाटात सगळे मिळून चालून या. कुणाचा बूट चावतो अन् कोण मध्येच बसतं, तिथंच कळेल.

शिवरात्रीचा उपास धरणाऱ्यांनी जंगल दुसऱ्या दिवशी ठेवावं. धपाटे न्या, पण पहिल्याच दिवशी संपवा. आमचे त्या दमट हवेत दुसऱ्या सकाळी आंबले होते.