पाचवीतच बीजगणिताची शिकवणी?

प्रश्न : माझा मुलगा पाचवीत असून तोंडी हिशेब झटपट करतो. त्याला आतापासूनच आठवीच्या बीजगणिताच्या शिकवणीला घालावे का?

उत्तर : हिशेबातली चपळाई आणि गणिताची समज या वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून आधी त्याला १/२ आणि १/३ यांची बेरीज विचारा, उत्तर २/५ आले, तर भाकरीचे तुकडे मांडून अपूर्णांकच पुन्हा शिकवा, कारण बीजगणित त्यांच्यावरच उभे राहते. त्याने ५/६ सांगून छेद समान का करायचा हेही स्वतःच्या शब्दांत समजावले, तर मात्र त्याला अडवू नका. येणारीच गणिते गिरवून हुशार मूल कंटाळते, हे मला फार खुपते. पुढे नामवंत गणितज्ञ झालेल्या टेरेन्स टाओ यांनी १९८६ मध्ये, दहाव्या वर्षी, आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये कांस्यपदक मिळवले, पण अशी मुले विरळाच. महिनाभर शिकवणीला पाठवा आणि घरी आल्यावर तो आपणहून वही उघडतो का, ते पाहा.