हॉकीत इंडियाकडून खेळायचंय ना, मग आधी बॉल थांबवायला शिक
बाय, ड्रॅग फ्लिक (बॉल स्टिकने ओढत नेऊन जोरात गोलात फेकायचा शॉट) कधी शिकवणार म्हणून विचारतेस, पण आधी बॉल तर थांबव गं. म्हापशाला पेडेच्या मैदानात टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, पाणी मारलं की बॉल सुसाट येतो, तेव्हा डावा हात वर घट्ट, उजवा खाली सैल, स्टिक किंचित पुढे झुकलेली, नाहीतर उडून थेट तोंडावर, माझा ओठ असाच फुटलेला. १५ मिनिटांचे ४ क्वार्टर असतात, दम पाहिजे, चतुर्थीतसुद्धा धावायला जायचं. आपली हॉकीपटू राणी रामपाल १५ व्या वर्षी २०१० चा वर्ल्ड कप खेळली आणि २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये कॅप्टन, टीम चौथी आली, मधली ११ वर्षं बघ ना, एकदा सिलेक्शन हुकलं म्हणून रडत बसू नको. आणि माउथगार्ड उद्याच घे.