सोन्याची लंका ‘लागते’ कशी?

प्रश्न नागपुरातल्याच एका ताईंचा आहे. त्यांचा मुलगा इंजिनिअरिंगला, मॅथ्सचा पेपर देऊन घरी आला, बॅग सोफ्यावर आदळली अन् म्हणाला, ‘मम्मी, पुरी लंका लागली.’ सासूबाई तिथंच वालाच्या शेंगा निवडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, अरे लंका तर सोन्याची, म्हणजे पेपर चांगलाच गेला म्हण ना! पोरगा हसत सुटला आणि सासूबाई रुसल्या. आता ताईंचं विचारणं असं की लंकेचा अर्थ बरबादी कधीपासून झाला, आणि हे मराठी म्हणायचं की नाही.

ताई, सासूबाईंचं काही चुकलं नाही. मराठीत लंका म्हटलं की आधी सोनंच आठवतं. ‘लंकेत सोन्याच्या विटा’ ही म्हण त्यांच्या पिढीत सर्रास होती, म्हणजे असतील तिकडे सोन्याच्या विटा, आपल्याला काय त्याचं. पण गंमत बघा, त्याच सोन्याच्या लंकेवरून आपण ‘लंकेची पार्वती’ म्हणतो, आणि ती कोण, तर जिच्या अंगावर गुंजभरही सोनं नाही ती! माझी ताई एकदा नुसते कानातले घालून लग्नाला निघाली तर आजीनं दारातच अडवलं, ‘अवं, लंकेची पार्वती होऊन कुठं चालली?’ आणि स्वतःच्या गळ्यातली पोत काढून तिच्या गळ्यात घातली. यामागची लोककथा अशी की शंकरानं पार्वतीसाठी सोन्याचा महाल बांधून घेतला, वास्तुशांतीला पुरोहित म्हणून रावण आला, आणि दक्षिणा काय पाहिजे विचारल्यावर त्यानं महालच मागितला. भोळा सांब, देऊन टाकला, पार्वती राह्यली तशीच. वाल्मीकींनी लंका वेगळी सांगितली आहे, तिथं ती विश्वकर्म्यानं बांधलेली, आधी कुबेराची, मग रावणानं बळकावलेली. म्हणजे एकच गाव, आणि मराठीत त्यावरून श्रीमंतीही आली आणि कफल्लकपणाही आला. तुमच्या पोरानं त्यात फक्त तिसरी गोष्ट घातली, आग.

ही आग सुंदरकांडातली. मारुतीच्या शेपटीला राक्षसांनी चिंध्या गुंडाळून पेटवलं आणि त्यानं गाव पेटवून दिलं, ते लंकादहन. आपल्याकडे दसऱ्याला कस्तुरचंद पार्कवर जळतो तो रावण, पण लोकांच्या डोक्यात रावण, लंका, फटाके सगळं एकाच धुरात मिसळलंय. आणि ‘लंकादहन’ हा शब्द जिवंत ठेवला तो कीर्तनकारांइतकाच क्रिकेटवाल्यांनी. श्रीलंका हरली की आपल्या पेपरात हेडिंग ठरलेलं. 2017 च्या नोव्हेंबरमध्ये जामठ्याला, म्हणजे नागपूरच्या क्रिकेट स्टेडियमवर, आपण त्यांना एक डाव आणि 239 धावांनी हरवलं, तेव्हा तर पानठेल्यावरही दुसरा शब्द नव्हता. आता त्याच जामठ्यावर डिसेंबर 2009 मध्ये आपण 301 करूनही वनडे त्यांनीच जिंकली होती, तेव्हा कोणाचं दहन झालं म्हणायचं ते मी नाही सांगत 😄

पण दहन वेगळं आणि ‘लागणे’ वेगळं, खरी गोम इथंच आहे. शुद्ध मराठी वळणानं लंका जळते, पेटते, तिचं दहन होतं, ती ‘लागत’ नाही. वाट लागते, आग लागते, बत्ती लागते. मला वाटतं, हे माझं मत आहे बरं, की ‘लंकेला आग लागली’ यातली आग बोलता बोलता गळाली आणि ‘लागली’ तेवढं लंकेला चिकटलं, त्यात ‘वाट लागली’चा साचा तयारच होता. हिंदीत ‘लंका लगना’, ‘लंका लगा दी’ दणक्यात चालतं, आणि नागपुरात आपण अर्धं वाक्य हिंदीत सुरू करून मराठीत संपवतो त्यामुळे इकडं यायला त्याला व्हिसा लागला नाही. पोराचं ‘पुरी लंका’ मधलं ‘पुरी’ पण तिकडचंच, नाहीतर तो ‘पूर्ण’ नाहीतर ‘सगळी’ म्हणाला असता.

आणि लंकेला असं कोणीही आपापल्या सोयीनं वापरायची जुनी सवयच आहे. आमच्या धंतोलीतल्या बंगाली काकू नवीन नवीन आल्या होत्या तेव्हा गोकुळपेठ मार्केटमध्ये भाजीवाल्याला म्हणाल्या, ‘थोडा लंका दो.’ तो बघतच राह्यला! बंगालीत लंका म्हणजे मिरची, साधी हिरवी मिरची म्हणजे ‘काँचा लंका’. मिरची मुळात अमेरिकेतली, पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्याकडे आली, पण बंगाल्यांच्या लेखी समुद्रापलीकडून आली म्हणजे लंकेहूनच आली असणार. शेवटी भाजीवाल्यानं काकूंना भिवापुरी मिरची दिली, काकूंनी तीच एक दाताखाली धरली आणि तिथल्या तिथं डोळे पुसत म्हणाल्या, ‘हां, येही लंका.’ त्यांची बिचाऱ्यांची लंका त्या दिवशी दोन्ही अर्थांनी लागली.

तेलुगूत तर लंक म्हणजे नुसतं बेट. गोदावरी समुद्राला मिळते तिथं नदीतल्या बेटांवरच्या गावांना सरसकट लंकच म्हणतात, त्यात ना सोनं ना रावण. बनारसला विद्यापीठाच्या गेटसमोरचा भाग लंका, तिथली पोरं रोज संध्याकाळी लंकेवर चहा पितात. आणि आपले जुने ज्योतिषी! त्यांची लंका नकाशात कुठं शोधूच नका, उज्जैनवरून जाणारी मध्यरेषा विषुववृत्ताला जिथं छेदते तो बिंदू म्हणजे लंका, गणिताचं शून्य धरायचं ठिकाण. भास्कराचार्यांच्या 1150 च्या सिद्धान्तशिरोमणीत हीच लंका आहे, ‘लंकोदय’, म्हणजे त्या बिंदूवरून धरलेला राशींचा उदय, हा शब्दही त्यातलाच. म्हणजे मॅथ्स आणि लंकेचं नातं तुमच्या मुलानं जोडलेलं नाही, फार आधीचं आहे, हे सासूबाईंना जरूर सांगा.

आपण ज्याला आज श्रीलंका म्हणतो त्या देशाचं नाव 1972 पर्यंत सिलोन होतं, आमचे बाबा अजूनही रेडिओ सिलोनच म्हणतात. त्यामुळे त्यांच्या पिढीत सिलोन हा देश आणि लंका ही गोष्टीतली, असे दोन कप्पे होते, आता ते एकच झाले. पानिपतचं बघा, 1761 नंतर ‘पानिपत होणे’ म्हणजे सपाटून हार, एवढा एकच अर्थ मराठीनं पकडला कारण आपल्या आठवणीत तिथं एकच घडलं. लंकेच्या गोष्टीत सोनं आहे, आग आहे, फितुरी आहे, समुद्रही आहे, ज्याला जे पाहिजे ते तो उचलतो. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत चहाच्या टपरीवर बसा, ‘जो लंकेत जातो तो रावण होतो’ हे दिवसातून दोनदा तरी ऐकायला मिळेल, त्यात लंका म्हणजे खुर्ची.

तर ‘लंका लागली’ मराठी आहे का? बोलण्यात आहे, माझ्या मते पक्कं आहे. मित्रात, घरात, स्वतःची फजिती सांगताना बिनधास्त चालतं. पण कोणाच्या घरी खरंच आग लागली, दुकान बुडालं, तर तिथं चुकूनही नको, फार क्रूर वाटतं. एक बारकावा अजून, ‘लागली’ म्हटलं की दोष कोणाचाच नाही, ‘लावली’ म्हटलं की लावणारा कोणीतरी आहे. त्यामुळे पोरगं उद्या ‘सरांनी लंका लावली’ म्हणू लागलं तर त्याला एकदा विचारा, बे, अभ्यास कोणी करायचा होता? आणि रिव्हॅल्युएशनचा अर्ज भरायचा झालाच तर कारणाच्या रकान्यात हा शब्द लिहू देऊ नका, तिथं ‘अपेक्षेपेक्षा कमी गुण’ असंच लिहायचं असतं.